ओलावामापक, जमिनीची भेग आणि संगणकाचे गणित

ओलावामापकाच्या सळया काळ्या जमिनीत खुपसल्या, यंत्राने जमीन कोरडी दाखविली आणि खुरप्याने उकरून पाहावे तर माती ओली! यंत्र बिघडले असे म्हणण्यापूर्वी ते काम कसे करते हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

यातील एका प्रकारच्या यंत्रात विद्युतचुंबकीय लहर सळयांच्या टोकापर्यंत जाऊन परत येते व तिला लागलेला वेळ मोजला जातो. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, ३० सें.मी. जाते. पाण्यात ती फार मंदावते. हवेचा परावैद्युत स्थिरांक १, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि पाण्याचा सुमारे ८० असतो. १५ सें.मी. सळईवर जाऊन येण्यास कोरड्या मातीत (स्थिरांक ४) २, तर ओल्या मातीत (स्थिरांक २५) ५ नॅनोसेकंद लागतात. टॉप व सहकाऱ्यांच्या १९८० च्या समीकरणानुसार २५ म्हणजे घनफळाने सुमारे ४० टक्के ओलावा.

आता सळईला लागून २ मि.मी. भेग असेल तर? लहरीचा जोर सळईजवळच अधिक असल्याने एवढी हवाही आकडा बराच खाली आणते. किती, हे संगणकावर काढता येते. त्याची रीत केन यी यांनी १९६६ मध्ये मांडली. शेताचे वाफे पाडावेत तसे मातीचे बारीक चौकोनी ठोकळे कल्पावयाचे व प्रत्येकाला माती, पाणी किंवा हवेचे गुण द्यावयाचे. मग चालताना डावा-उजवा पाय पडतो तसे आधी विद्युत क्षेत्र, अर्ध्या पावलाने चुंबकीय क्षेत्र, असे शेजारच्या ठोकळ्यांवरून आळीपाळीने काढत जावयाचे. पाऊल मात्र लहान हवे. १ सें.मी. ठोकळ्यास ते ०.०१९ नॅनोसेकंदापेक्षा मोठे घेतल्यास उत्तरे भरकटतात. ठोकळा निम्मा केला की काम सोळापट वाढते, आणि २ मि.मी. भेगेसाठी ठोकळे त्याहून बारीक लागतात. म्हणून हे काम प्रयोगशाळेचे, बांधावरचे नव्हे.

बांधावर करावयाचे ते सोपे आहे. सळया वाफशावर, न हलविता सरळ दाबाव्यात. भेगेत किंवा सैल छिद्रात बसवू नयेत. चुकीच्या कोरड्या आकड्यावर संत्र्याला पाणी देत राहिल्यास डिंक्याला आमंत्रण मिळते. खारवट चिकण जमिनीत लहर विरून जाते, तेथे या आकड्यावर विसंबू नये. हंगामात एकदा तरी मातीचा नमुना १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून ओलावा काढावा. तो वजनाचा असतो. मातीच्या स्थूल घनतेने गुणल्यावरच यंत्राच्या आकड्याशी ताडावा.