आरोग्यदायी व सुखद निवास : पर्यावरणस्नेही गृहसजावट आणि स्मार्ट तंत्रज्ञान यांचा अनुक्रम

प्रस्तावना

'घर पाहावे बांधून' ही म्हण घर उभारण्यातील कष्टांची जाणीव करून देते. उभारलेल्या घरात राहणाऱ्यांच्या श्वासाचे, झोपेचे आणि आरोग्याचे काय होते, हा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो. कोकणातील जांभ्या दगडाचे कौलारू घर आणि देशावरील चौकाचा वाडा यांची रचना स्थानिक हवामानातून घडली होती. जाड भिंतींमुळे दुपारची उष्णता आत पोहोचण्यास विलंब लागे, पडवीमुळे भिंतीवर सावली राही आणि चौकातून तापलेली हवा वर निघून जाई. अर्थात या घरांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. चुलीचा धूर, माजघरातील अंधार आणि पावसाळ्यातील ओल यांचा त्रास त्या घरांतील स्त्रियांनी व बालकांनी दीर्घकाळ सोसला आहे.

आजचे शहरी घर या दोषांपासून बऱ्याच अंशी मुक्त झाले. परंतु त्याचे दोष वेगळे आहेत. पातळ भिंती, उन्हाकडे तोंड केलेल्या सरकत्या काचा, प्लायवूड व एमडीएफची कपाटे आणि बंद खोलीत चालणारे वातानुकूलन यंत्र हे त्याचे सर्वसाधारण रूप होय. अलीकडे त्यात स्मार्ट उपकरणांची भर पडली आहे. घर सुखद करण्यासाठी कुटुंबे मोठा खर्च करतात; मात्र तो बहुधा उलट्या क्रमाने होतो. आधी यंत्रे येतात, मग सजावट होते आणि हवा, सावली व साहित्य यांचा विचार शेवटी होतो किंवा होतच नाही. प्रस्तुत लेखात या अनुक्रमाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

१. निवासातील सुखदतेची संकल्पना स्पष्ट करणे.
२. गृहसजावटीचे साहित्य व घरातील हवेची गुणवत्ता यांचा संबंध समजावून घेणे.
३. स्मार्ट तंत्रज्ञानाचे योग्य स्थान व त्याच्या मर्यादा निश्चित करणे.

सुखदतेची संकल्पना

सुखदता म्हणजे केवळ कमी तापमान नव्हे. शरीराला जाणवणारी सुखदता सहा घटकांवर अवलंबून असते : हवेचे तापमान, भोवतालच्या भिंती व छत यांतून येणारी प्रारित उष्णता, आर्द्रता, हवेचा वेग, अंगावरील वस्त्रे आणि शारीरिक श्रम. वरच्या मजल्यावरील घरात हवा थंड करूनही अस्वस्थ वाटते, कारण तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता देत राहतो. अशा ठिकाणी गच्चीवर पांढरा चुना, परावर्तक रंग किंवा पांढऱ्या चायना मोझॅकचा थर देणे हा मूळ कारणावरील उपाय ठरतो.

सुखद तापमान हे स्थिरही नसते. भारतीय कार्यालयीन इमारतींतील पाहणीवर आधारलेले 'आयमॅक' हे प्रतिमान २०१४ मध्ये मांडले गेले आणि २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत त्याचा स्वीकार झाला. या प्रतिमानानुसार नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत बाहेरचे ३० दिवसांचे सरासरी तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर सुमारे २९ अंश तापमान लोकांना समाधानकारक वाटते. ही पाहणी कार्यालयांची असल्याने तिचे आकडे घरांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तथापि उघड्या खिडक्यांच्या इमारतीत राहणारी व्यक्ती ऋतुमानाशी जुळवून घेते, हे तत्त्व घरालाही लागू पडते.

वायुवीजन : आरोग्याचा पाया

घरगुती वापरातील बहुतेक स्प्लिट वातानुकूलन यंत्रे बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत, तर खोलीतील तीच हवा पुनःपुन्हा थंड करतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. परिणामी बंद शयनगृहात रात्रभर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढत जाते. बाहेरच्या हवेत ते सध्या दशलक्ष भागांत सुमारे ४२० ते ४३० भाग असते. घरात ते १,००० भागांच्या वर गेल्यास वायुवीजन अपुरे असल्याचा संकेत मानला जातो. या पातळीला हा वायू स्वतः विषारी नसतो. परंतु तो साचतो तेव्हा फर्निचर, रंग व स्वयंपाक यांतून निघालेली अन्य प्रदूषकेही खोलीतच साचत असतात.

केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' प्रसिद्ध केली. तीनुसार उष्ण व दमट हवामानात, म्हणजे मुंबई व कोकणासारख्या प्रदेशात, उघडणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के असावे लागते. म्हणजे १२ चौरस मीटरच्या खोलीसाठी, याच प्रमाणात पाहिल्यास, सुमारे २ चौरस मीटर जागा उघडली गेली पाहिजे. दोन पाखांची सरकती खिडकी निम्मीच उघडत असल्याने तेवढ्यासाठी ४ चौरस मीटरची खिडकी लागेल. बिजागरीची खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. सरकत्या खिडकीची सोय कोणती किंमत मोजून मिळते, हे या साध्या हिशेबातून स्पष्ट होते.

बाहेरची हवाच दूषित असेल तर खिडकी केव्हा उघडावी, हाही प्रश्न उद्भवतो. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रतिघनमीटर ५ मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा सुचविली. भारताचे २००९ चे मानक ४० मायक्रोग्रॅमचे आहे. मात्र घरातील सर्वच कण बाहेरून येत नाहीत. 'एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्हज्' या नियतकालिकात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक डासप्रतिबंधक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे आढळले. बंद खोलीत कॉइल लावून शेजारी हवा शुद्ध करणारे यंत्र चालविण्यापेक्षा मच्छरदाणी बांधणे अधिक शास्त्रीय आहे. स्वयंपाकघरात फोडणी व तळण यांचा धूर बाहेर नेणारा एक्झॉस्ट पंखा हाही चैनीचा विषय नसून आरोग्याचा आहे.

फर्निचर व रंग : साहित्याची निवड

प्लायवूड, पार्टिकल बोर्ड व एमडीएफ यांतील लाकूड चिकटविण्यासाठी बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड राळ वापरली जाते. तीतून फॉर्मल्डिहाइड वायू दीर्घकाळ बाहेर पडत राहतो. नव्या कपाटात डोळे चुरचुरण्यामागे अनेकदा हेच कारण असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू मानवात कर्करोग निर्माण करणारा असल्याचे ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी ३० मिनिटांच्या सरासरीने प्रतिघनमीटर ०.१ मिलिग्रॅम ही मर्यादा घालून दिली. उष्णता व आर्द्रता वाढली की या वायूचे उत्सर्जनही वाढते. म्हणूनच थंड प्रदेशापेक्षा महाराष्ट्रातील किनारपट्टीच्या घरांत हा प्रश्न अधिक गांभीर्याने घ्यावा लागतो.

यावर उपाय आहेत. खरेदी करताना 'ई-१' किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या श्रेणीची फळी मागावी. फळ्यांच्या कापलेल्या कडा व मागील बाजू उघड्या न ठेवता बंद कराव्यात, कारण तेथूनच वायू अधिक सुटतो. नवे फर्निचर आल्यावर काही आठवडे खोलीत भरपूर हवा खेळती ठेवावी आणि बालकाच्या खोलीचे काम बालकाच्या आगमनापूर्वी पुरेसे आधी संपवावे. जुन्या सागवानी पलंगाची वा कपाटाची डागडुजी करून तेच वापरणे हा तर सर्वांत पर्यावरणस्नेही पर्याय होय. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही आणि नवी राळही घरात येत नाही.

बांबू हा दुसरा महत्त्वाचा पर्याय आहे. सागाला परिपक्व होण्यास अनेक दशके लागतात, तर बांबूची काठी तीन-चार वर्षांत वापरण्याजोगी होते. २०१७ च्या भारतीय वन (सुधारणा) अधिनियमाने बांबूला कायद्यातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळल्यामुळे वनक्षेत्राबाहेरील बांबूची तोड व वाहतूक सुलभ झाली. मात्र प्रक्रिया न केलेल्या बांबूला भुंगा लागतो. बोरिक आम्ल व बोरॅक्स यांच्या द्रावणाची प्रक्रिया झाली आहे का, हे विचारूनच खरेदी करावी. बांबूच्या फळ्याही राळेनेच चिकटवतात. तेव्हा 'बांबू' हा शब्द पाहून उत्सर्जनाची चौकशी सोडून देणे योग्य नाही.

रंगाच्या बाबतीत २०१६ च्या केंद्रीय नियमांनी घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यापूर्वी रंगविलेली दारे-खिडक्या कोरडी घासल्यास शिशाची धूळ उडण्याचा संभव असतो. लहान मुले असलेल्या घरात याची विशेष दक्षता घ्यावी.

वस्त्रे व अंथरुणे

जाड गालिचे व भरलेले सोफे यांत धूळ साचते आणि दमट हवेत धुळीतील सूक्ष्म कीटक वाढतात. दमा व अॅलर्जीच्या रुग्णांना त्यांचा उपद्रव होतो. या दृष्टीने सतरंजी, चटई, सोलापुरी चादर, गोधडी व कापसाची गादी ही परंपरागत अंथरुणे-पांघरुणे उपयुक्त आहेत, कारण ती धुता येतात वा उन्हात टाकता येतात. गाद्यांना ऊन देण्याची जुनी रीत ओल व कीटक या दोहोंवर इलाज करणारी होती. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे ओले पडदे उपयोगी पडतात. किनारपट्टीच्या दमट हवेत मात्र त्याच उपायाने आर्द्रता वाढून अस्वस्थता वाढते. पर्यावरणस्नेही वस्तूही हवामान पाहूनच निवडावी लागते.

स्मार्ट तंत्रज्ञान : स्थान व मर्यादा

सावली, वायुवीजन व साहित्य यांची व्यवस्था झाल्यानंतर तंत्रज्ञानाचे काम सुरू होते. ते काम दोन प्रकारचे आहे : मोजणे व काटकसर करणे.

मोजण्याच्या दृष्टीने कार्बन डायऑक्साइड, आर्द्रता व पीएम २.५ यांचे मापक उपयोगी आहे. खिडकी केव्हा उघडावी व केव्हा लावावी, हा निर्णय त्यामुळे अंदाजाऐवजी आकड्यांवर घेता येतो. तथापि स्वस्त मापके अतिदमट हवेत जलकणांमुळे पीएम २.५ चे प्रमाण वास्तवाहून अधिक दाखवितात, हे पावसाळ्यात ध्यानात ठेवावे.

काटकसरीचे उत्तम उदाहरण ब्रशविरहित मोटरीच्या पंख्याचे आहे. जुना पंखा सुमारे ७५ वॅट, तर हा सुमारे ३० वॅट वीज घेतो. रोज १२ तास व वर्षातून ३०० दिवस वापर धरल्यास एका पंख्यामागे १६२ युनिटांची बचत होते. पंख्याचा वारा असताना वातानुकूलन यंत्राचे तापमान दोन-तीन अंश वर ठेवूनही तेवढेच बरे वाटते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रांत २४ अंश हे मूळ तापमान ठेवणे बंधनकारक झाले आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या अंदाजानुसार प्रत्येक अंश वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. स्मार्ट उपकरण स्वतः वीज घेते, काही वर्षांत ई-कचरा बनते आणि घरातील दिनक्रमाची माहिती बाहेर पाठवू शकते. म्हणून इंटरनेट बंद असतानाही साध्या बटणाने चालेल असेच उपकरण निवडावे. घरात वृद्ध व्यक्ती असल्यास ही अट अपरिहार्य मानावी. ज्या नोंदीची गरज नाही ती उपकरणाकडून घेऊच नये.

निष्कर्ष

१. उष्णता रोखणे, हवा खेळती ठेवणे, निरुपद्रवी साहित्य निवडणे आणि त्यानंतर यंत्रांचा आधार घेणे, हा निवास सुखद करण्याचा योग्य अनुक्रम होय.
२. या क्रमातील पहिल्या पायऱ्यांवरील अनेक उपाय अल्प खर्चाचे आहेत. गच्चीला चुना, खिडकीवर छज्जा किंवा चिकाचा पडदा, मच्छरदाणी आणि उन्हात टाकलेली गादी हे मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबालाही शक्य आहे. छोट्या घरात अधिक माणसे राहतात, म्हणून त्यांचा लाभही तेथेच सर्वाधिक होतो.
३. मापक दोष दाखवितो. तो दूर करण्यासाठी खिडकी उघडावी लागते किंवा साहित्य बदलावे लागते.
४. गृहविज्ञान, पर्यावरणशास्त्र व भौतिकशास्त्र या विभागांना हा विषय संयुक्त प्रकल्पासाठी घेता येईल. एका साध्या मापकाच्या साहाय्याने विद्यार्थ्यांना वर्गखोली, वसतिगृह व स्वतःचे घर यांतील हवेच्या नोंदी ऋतुनिहाय ठेवता येतील. आपण कोणत्या हवेत शिकतो व झोपतो, हे त्यातून त्यांना प्रत्यक्ष कळेल आणि घरखर्चाचे निर्णय घेताना कुटुंबांनाही त्या नोंदींचा आधार मिळेल.