नटांचीं आत्मचरित्रें आणि आपलीं घरें

आपल्या घरांतून नाटकाची हौस जितकी जुनी आहे, तितकीच नटाच्या धंद्याची भीतिही जुनी आहे. ज्याच्या गाण्यावर आपण रात्रभर माना डोलाविल्या, त्याच्याच मार्गानें आपला मुलगा किंवा मुलगी जाऊं म्हणाली, कीं घरांतील वडील मंडळींचे चेहरे उतरतात. हा विरोध आजचा नव्हे. भरताच्या नाट्यशास्त्रानें नाट्याला पांचव्या वेदाचा मान दिला. मनुस्मृतीनें शैलूषाचें, म्हणजे नटाचें, अन्न वर्ज्य ठरविलें. एकाच परंपरेनें कलेला देवघरांत बसविलें आणि कलावंताला मात्र ओसरीवर ठेविलें. या दोहोंत खरें कोणतें, याचा निर्णय करावयाचा तर नटांसच विचारणें योग्य. सुदैवानें मराठी नटांनीं आपल्या आयुष्याविषयीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे.

त्या ग्रंथांचीं नांवेंच पाहावीं. गणपतराव बोडस यांनीं १९४० सालीं आपल्या आत्मचरित्रास ‘माझी भूमिका’ असें नांव दिलें. भूमिका म्हणजे नटानें घेतलेलें सोंग, आणि भूमिका म्हणजे पाय रोवून उभे राहण्याची जागाही; दोन्ही अर्थ त्या एका शब्दांत आहेत. चिंतामणराव कोल्हटकरांनीं १९५७ सालीं ‘बहुरूपी’ लिहिलें. दारोदार सोंगें दाखवून पोट भरणाऱ्या बहुरूप्याशीं आपलें नातें सांगण्यास या थोर नटास कमीपणा वाटला नाहीं. डॉक्टर श्रीराम लागू यांनीं २००४ सालीं आपल्या ग्रंथास ‘लमाण’ म्हटलें. लमाण एका गांवचा माल दुसऱ्या गांवीं पोंचवितो. तसा नट नाटककाराचा माल प्रेक्षकांच्या दारीं नेऊन पोंचवितो. तीन पिढ्यांचे हे तीन नट. परंतु ‘मी’पणाचा तोरा एकाच्याही नांवांत नाहीं. ज्यांचा धंदाच स्वतःस लोकांपुढें मांडण्याचा, त्यांनीं आपलें वर्णन असें विनयानें करावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. देहाच्या हालचालींचा तो आंगिक, वाणीचा तो वाचिक, वेष, अलंकार व रंग यांचा तो आहार्य, आणि मनाच्या एकाग्रतेंतून उमटणारा तो सात्त्विक. प्रेक्षकांस आधीं दिसतो तो आहार्य. नटाची ‘ढब’ म्हणून जी नांवाजली जाते, ती पुष्कळदां एवढीच असते.

या बाबतींत नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व (१८८८–१९६७), यांचें उदाहरण अपूर्व आहे. पुरुष असून त्यांनीं स्त्रीभूमिका केल्या, आणि त्यांच्या लुगडें नेसण्याचें, केशरचनेचें व दागिन्यांचें अनुकरण कुलीन घरांतील स्त्रियांनीं केलें. १९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत उंची वस्त्रें आणि अत्तरें यांची रेलचेल असे. थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी साथीला असे. या थाटामाटापायीं मंडळी कर्जांत बुडाली, आणि तें कर्ज त्यांनीं नाटकें करूनच फेडलें. हाच नट १९१९ सालीं ‘एकच प्याला’ नाटकांत सिंधू झाला, तेव्हां त्या दरिद्री स्त्रीचें जाडेंभरडें लुगडें नेसून उभा राहिला. शालूची हौस असलेल्यानें ठिगळही तितक्याच मनापासून ल्यावें, यांत त्या ढबीचें मर्म आहे. ती हौस बालगंधर्वांची होती खरी, परंतु वेष त्या त्या स्त्रीचा होता.

तथापि हीच ढब नटास बांधूनही ठेविते. १९३५ सालीं प्रभात कंपनीच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत बालगंधर्वांनीं संत एकनाथांची भूमिका केली. ज्यांना लोकांनीं भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू म्हणून डोळ्यांत सांठविलें होतें, त्यांना पुरुषवेषांत पाहून प्रेक्षकांचें मन भरलें नाहीं, आणि प्रभातशीं त्यांचा संबंध पुढें टिकला नाहीं. लोकांनीं एकदां ज्या रूपावर प्रेम केलें, त्या रूपाबाहेर येण्याची परवानगी ते सहसा देत नाहींत.

याच्या उलट बोडसांची तऱ्हा. ‘मानापमाना’तील भेकड व डौली लक्ष्मीधर, १९१६ च्या ‘संशयकल्लोळा’तील संशयी फाल्गुनराव आणि ‘एकच प्याला’तील सुधाकर या तिन्ही भूमिका एकाच नटाच्या. पहिल्या दोघांना पाहून हसावें आणि तिसऱ्याला पाहून डोळ्यांस पदर लावावा. स्वतःची ढब मागें ठेवून प्रत्येक पात्राची ढब शोधून काढणें, हीच त्यांची खास रीत म्हणावी लागेल. या दोन मार्गांत श्रेष्ठ कोणता, हा वाद घरोघर रंगला असेल. आमच्या मतें रंगभूमीला दोघेही हवे असतात.

आतां सात्त्विकाकडे वळूं, कारण नटाच्या आयुष्याची खरी कसोटी तेथें आहे. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली, आणि तरीही त्या रात्रीं ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले, ही हकीकत महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. ती सांगतांना लोक कर्तव्यनिष्ठेची स्तुति करतात. आम्हांस मात्र ती ऐकतांना स्तुतीबरोबर काळजाला चटकाही बसतो. नवें नाटक, जमलेले प्रेक्षक आणि त्या एका प्रयोगावर अवलंबून असलेलीं मंडळींतील कितीतरी पोटें, हें सर्व एका पारड्यांत. बापाचें दुःख दुसऱ्यांत. शोक आंवरून हंसरी नायिका उभी करणें हा अभिनय कोणत्याही ग्रंथांत शिकविलेला नाहीं. नटाचें जीवन सुखाचें आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं ही एक रात्र आठवावी.

स्त्रियांची वाट तर याहून बिकट होती. १९१३ सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, तेव्हां तारामतीच्या कामास स्त्री मिळेना. अखेर अण्णा साळुंके या पुरुषास लुगडें नेसवावें लागलें. त्याच वर्षीं फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुरां’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनीं पडद्यावर येण्याचें धाडस केलें. या कमलाबाई गोखले यांचे पुत्र चंद्रकांत आणि नातू विक्रम हेही पुढें नामवंत नट झाले. १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटांत दुर्गाबाई खोटे तारामती झाल्या. सुशिक्षित व सुखवस्तु घरांतील स्त्रीनें चित्रपटांत जावें, याचा समाजास केवढा धक्का बसला असेल! तीच तारामती, परंतु एकोणीस वर्षांत तिच्या वेषामागें पुरुषाऐवजीं एक शिकलेली स्त्री आली. नाहीं म्हणायला, हंसा वाडकरांनीं ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनांत दुसरी बाजूही निर्भीडपणें मांडली आहे. लहान वयांतच घराच्या पोषणासाठीं मुलीला चित्रपटांत ढकललें, म्हणजे तिच्या आयुष्याचे किती लचके तुटतात, तें त्या पुस्तकांत वाचावें. ज्या घरांना मुलीची कमाई हवी असते पण मुलीचें दुःख नको असतें, त्यांनीं तर तें अवश्य वाचावें.

डॉक्टर लागूंचें उदाहरण आपल्या घरांना अधिक जवळचें आहे. कान, नाक व घसा यांच्या शस्त्रक्रियेंत प्रवीण असलेल्या या गृहस्थांनीं १९६९ सालीं, बेचाळिसाव्या वर्षीं, चालता व्यवसाय सोडून पूर्णवेळ नटाचा धंदा पत्करला. पुढच्याच वर्षीं शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ नाटकांत ते गणपतराव बेलवलकर झाले. हा वृद्ध नट आपलें सारें वित्त मुलांस वांटून देतो, आणि मग त्यांच्याच घरांत नकोसा होतो. नटाची धूळधाण रंगभूमीमुळें होते असें आपण म्हणत आलों; त्या नाटकांत मात्र म्हाताऱ्या नटास रस्त्यावर आणतें तें त्याचें घर. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या आम्हां सर्वांस हा आरसा आहे, आणि त्यांत पाहण्यास आपण अजूनही कचरतों.

तर मग मुलानें ‘मी नट होणार’ म्हटल्यास काय करावें? आंधळेपणानें होकार देऊं नये, तसा कपाळास आठ्या घालून नकारही देऊं नये. त्याचें मन वेषावर आहे कीं अभ्यासावर, हें आधीं पाहावें. आरशापुढें उभे राहणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचें वाक्य शंभर वेळां घोकून एकशेंएकाव्या वेळीं तें नव्यानें उच्चारणारा एखादाच. चार वाक्यांचें काम मिळालें तरी जो तालमीला वेळेवर जातो, सहनटाचें काम चांगलें झालें म्हणून ज्याला मनापासून आनंद होतो, त्याची आवड खरी समजावी. पोटापुरती दुसरी विद्या त्यानें हातीं ठेवावी, हें सांगणें वडिलांचें कर्तव्यच आहे; मात्र त्या विद्येची बेडी करूं नये.

आणि एवढें करूनही तो त्या वाटेनें गेला, तर घराचें दार त्याच्यासाठीं उघडें असूं द्यावें. प्रयोग संपतो, टाळ्या विरतात, तोंडाचा रंग पुसला जातो, आणि अपरात्रीं एक थकलेला माणूस घरीं परततो. त्या वेळीं त्याच्यासाठीं झांकून ठेवलेलें ताट असावें आणि दिवा जळत असावा. पडलेल्या नाटकाची विचारपूस दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं करावी.