ब्रेक नसलेली गाडी

केमिकल इंजिनिअरिंग विभागातली संशोधन-व्याख्यानं आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धा म्हणजे अभ्यासाबाहेरची हौस, हे मला पटत नाही. 'केम-ई-कार' स्पर्धा बघा. बुटाच्या खोक्याएवढी गाडी रासायनिक अभिक्रियेवर चालते आणि थांबवायचीही अभिक्रियेनेच. ब्रेक चालत नाही. किती अंतर जायचं, किती वजन न्यायचं, हे ऐन स्पर्धेच्या दिवशी कळतं. बरेच संघ 'आयोडीन क्लॉक' वापरतात: रंगहीन द्रावण ठरावीक वेळाने एकदम गडद निळं होतं, प्रकाश अडतो आणि सेन्सर मोटर बंद करतो. पण खोलीचं तापमान थोडं बदललं तरी हा वेळ बदलतो. अभिक्रियेचा वेग तापमानावर अवलंबून असतो, हे पुस्तकातलं वाक्य इथे मीटरपट्टीने मोजलं जातं!

व्याख्यानांवरचा आक्षेप जास्त रास्त आहे: दुसऱ्या वर्षाच्या मुलांना त्यातलं निम्मं समजत नाही. खरंय. पण पुस्तकात समीकरण तयार होऊन येतं. ते प्रत्यक्षात कुठे फसलं, हे व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत ऐकायला मिळतं. गाडी रेषेच्या अलीकडेच थांबलेल्या संघाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून व्याख्यानं स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यांत ठेवावीत, असं मला वाटतं.