सकाळी सहाला सर्व्हर काय करतो?

२७ जून २०१७ रोजी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. मर्स्क समूहाच्या त्या टर्मिनलचे संगणक ‘नॉटपेट्या’ या व्हायरसने बंद पाडले आणि कंटेनर जागच्या जागी अडकले. आपल्या गंगापूर तालुक्यातल्या वाळूज एमआयडीसीचा निर्यातीचा माल मुख्यतः याच न्हावा-शेवा बंदरातून जातो, म्हणून ती बातमी इथल्या कारखानदारांसाठी लांबची नव्हती.

हा व्हायरस ज्या फटींमधून पसरला, त्यातली एक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. अनेकांनी ते टाकलंच नव्हतं. पण व्हायरस मुळात शिरला तोही अपडेटमधूनच. युक्रेनमधल्या एका कर-हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा अपडेट सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. म्हणजे अपडेट न घेणं अंगाशी आलं आणि घेणंही. मग करायचं काय?

ते संगणक विंडोजचे होते. पण पतसंस्थेचं सॉफ्टवेअर, दवाखान्याच्या नोंदी, शाळेची वेबसाइट यांच्यामागे अनेकदा लिनक्स असतं. तिथे सॉफ्टवेअर ‘पॅकेज’च्या रूपात येतं. ‘उबुंटू’ या लिनक्स-प्रकाराच्या सर्व्हरवर ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हा प्रोग्रॅम सहसा आधीपासूनच चालू असतो. एक टायमर दिवसातून दोनदा नव्या पॅकेजची यादी आणतो, दुसरा सकाळी सहा ते सातच्या दरम्यान ती पॅकेजेस बसवतो. नवं सगळंच घेतलं जात नाही, मुख्यतः सुरक्षेची दुरुस्ती घेतली जाते. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

खरेपणाची तपासणीही होते. यादीवर वितरकाची डिजिटल सही असते आणि प्रत्येक पॅकेजचा ठसा यादीत नोंदलेला असतो. वाटेत कुणी एक अक्षर बदललं तरी ठसा जुळत नाही आणि पॅकेज नाकारलं जातं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरातच चोर शिरला, तर मात्र सही कामाची नाही. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या पॅकेजमध्ये असाच चोरदरवाजा निघाला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो शोधून काढला. ‘डेबियन’ या लिनक्स-प्रकाराच्या स्थिर आवृत्तीत तो पोहोचलाच नव्हता. सर्व्हरवर स्थिर आवृत्तीच ठेवा, असं जाणकार सांगतात ते यासाठी.

आता त्या सहाच्या वेळेकडे बघा. क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरचं घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असतं. त्याचे सकाळचे सहा म्हणजे आपले साडेअकरा, काउंटरवर ऐन गर्दीची वेळ. ८ मार्च २०२३ रोजी जागतिक वेळेनुसार याच सहा ते सातच्या तासात ‘डेटाडॉग’ या अमेरिकी कंपनीच्या हजारो लिनक्स यंत्रांवर ‘सिस्टमडी’ या पॅकेजचं सुरक्षा-अपडेट आपोआप बसलं. त्यातून नेटवर्कची सेवा रीस्टार्ट झाली, मार्गांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि वेगवेगळ्या देशांतली यंत्रं जवळपास एकाच वेळी संपर्काबाहेर गेली. घात केला तो सगळीकडे एकच वेळ असण्याने.

उलट बाजूची चूक आपल्याकडे जास्त दिसते. अपडेट बसलं की काम झालं, असं धरून चालतात. चालू असलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू होईपर्यंत मेमरीतली जुनी लायब्ररीच वापरत राहतो आणि नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तर रीबूट केल्याशिवाय लागूच होत नाही. उबुंटू अशा वेळी ‘रीबूट-रिक्वायर्ड’ नावाची छोटी फाइल करून ठेवतं. सर्व्हर मूळ मांडणीत स्वतःहून रीबूट होत नाही. ती फाइल महिनोन्महिने पडून असेल, तर अपडेट कागदावरच आहे.

‘चालतंय ना, मग हात लावू नका’ हा आपल्याकडचा सर्वात महाग सल्ला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. सुरक्षा-अपडेट आपोआपच राहू द्या. घड्याळ भारतीय वेळेवर आणा, दोन सर्व्हर असतील तर त्यांच्या वेळा वेगळ्या ठेवा, बॅकअप परत चढवून पाहा. आणि तुमचा सर्व्हर सांभाळणाऱ्याला उद्याच विचारा: शेवटचं रीबूट कधी केलं?