अ‍ॅडिनोसीन डिअमिनेज : प्यूरीन चयापचयातील एक जनुक आणि रोगप्रतिकारशक्ती

अ‍ॅडिनोसीन डिअमिनेज, थोडक्यात एडीए, हे विकर म्हणजेच एन्झाइम शरीरातील जवळजवळ सर्व पेशींत असते. मग ज्या बाळात ते जन्मतः नसते, त्याच्या रोगप्रतिकार यंत्रणेचेच सर्वाधिक नुकसान का होते? या पाठात आपण या प्रश्नाचे उत्तर पाहू.

जनुक आणि विक्रिया

एडीए जनुक २०व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहे. त्यात १२ एक्सॉन असून त्यापासून ३६३ अमिनो आम्लांचे प्रथिन तयार होते. त्याच्या क्रियास्थळी जस्ताचा आयन असतो. हे विकर अ‍ॅडिनोसीनचे इनोसीनमध्ये आणि डीऑक्सिअ‍ॅडिनोसीनचे डीऑक्सिइनोसीनमध्ये रूपांतर करते. दोन्ही विक्रियांत अमोनिया बाहेर पडतो. पुढे प्यूरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेज हे विकर या दोन्हींपासून हायपोझँथिन बनवते. त्याचा काही भाग पेशी पुन्हा वापरतात आणि उरलेल्याचे शेवटी युरिक आम्ल होते.

हानी कशामुळे होते?

एडीए नसल्यास इनोसीन कमी पडते म्हणून आजार होतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण प्यूरीन मिळवण्याचे इतर मार्ग पेशीकडे असतात. खरी हानी होते ती निचरा न झालेल्या डीऑक्सिअ‍ॅडिनोसीनमुळे.

थायमस ग्रंथीत टी पेशी घडत असताना त्यांतील बहुसंख्य पेशी निवडीत बाद होऊन मरतात. त्यांच्या डीएनएच्या विघटनातून डीऑक्सिअ‍ॅडिनोसीन मोठ्या प्रमाणात सुटते. शेजारच्या जिवंत लिम्फोसाइट ते आत घेतात. या पेशींत फॉस्फेट जोडणारे डीऑक्सिसायटिडीन कायनेज विकर भरपूर असते, तर फॉस्फेट काढून टाकणारी विकरे तुलनेने कमी असतात. परिणामी डीऑक्सिएटीपी साठत जाते. विद्युतभारित असल्यामुळे ते पेशीपटल ओलांडून सहज बाहेर पडू शकत नाही.

हे डीऑक्सिएटीपी रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या विकराला रोखते. डीएनएसाठी लागणारे डीऑक्सिन्यूक्लिओटाइड याच विकरामुळे तयार होत असल्याने त्यांचा पुरवठा आटतो आणि पेशीविभाजन थांबते. जंतूंशी लढताना लिम्फोसाइटना झपाट्याने विभाजित व्हावे लागते, म्हणून फटका त्यांनाच अधिक बसतो. फुप्फुसे, हाडे, श्रवण यांवरही परिणाम दिसू शकतो.

आजाराचे स्वरूप

टी, बी आणि एनके या तिन्ही प्रकारच्या लिम्फोसाइट घटतात. या अवस्थेला तीव्र संयुक्त प्रतिकारक्षमता-न्यूनता, म्हणजेच स्किड, म्हणतात. बाळाला वारंवार न्यूमोनिया व अतिसार होतो आणि त्याचे वजन वाढत नाही. भारतात बीसीजी लस जन्मानंतर लगेच दिली जाते. निरोगी बाळाला उपयुक्त असलेले तिच्यातील जिवंत जिवाणू स्किड असलेल्या बाळाच्या शरीरभर पसरू शकतात. म्हणून कुटुंबात आधी असे बाळ दगावले असेल, तर ही माहिती लसीकरणापूर्वी डॉक्टरांना सांगणे आवश्यक ठरते.

आनुवंशिकता अलिंगसूत्री अप्रभावी आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बाळ बाधित असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक स्वतः निरोगी असतात.

शोध आणि उपचार

१९७२ मध्ये एलोइज गिब्लेट आणि सहकाऱ्यांनी प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्या दोन मुलींच्या तांबड्या पेशींत एडीए नसल्याचे दाखवले. १९७५ मध्ये त्यांनीच प्यूरीन न्यूक्लिओसाइड फॉस्फोरिलेजच्या अभावाचे वर्णन केले. त्या आजारात डीऑक्सिजीटीपी साठते आणि मुख्यतः टी पेशी बाधित होतात. म्हणजे मार्गातील पुढची पायरी अडली, तरीही साठाच घातक ठरतो.

जुळणाऱ्या भावंडाच्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण हा प्रभावी उपचार आहे. इंजेक्शनद्वारेही विकर देता येते. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत चार वर्षांच्या मुलीवर या आजारासाठी जनुकोपचार झाला. तिच्या टी पेशींत निर्दोष जनुक घालून त्या परत देण्यात आल्या. मात्र तिला विकराची इंजेक्शनेही चालू असल्याने केवळ जनुकाचा परिणाम वेगळा काढणे कठीण होते. नंतर रक्तस्कंधपेशींत जनुक घालण्याची पद्धत आली आणि असा एक उपचार २०१६ मध्ये युरोपात मंजूर झाला.

हीच विषारी प्रक्रिया औषध म्हणूनही वापरतात. पेंटोस्टॅटिन एडीएला रोखते, तर क्लॅड्रिबीन हे एडीएला दाद न देणारे डीऑक्सिअ‍ॅडिनोसीनचे रूप आहे. हेअरी सेल ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात दोन्ही उपयोगी पडतात.

एक खबरदारी

फुप्फुसावरणातील क्षयरोगाच्या निदानासाठी तेथील द्रवाची 'एडीए चाचणी' करतात. त्या द्रवात वाढलेले विकर मुख्यतः एडीए-२ असते. त्याचे जनुक वेगळे असून ते २२व्या गुणसूत्रावर आहे. नाव सारखे असले तरी दोन्हींची गल्लत करू नये.

स्वाध्याय

१. एडीएच्या अभावात इनोसीन बाहेरून दिल्यास रुग्ण बरा होईल का? कारण द्या.
२. डीऑक्सिसायटिडीन कायनेज नसलेल्या लिम्फोसाइटवर डीऑक्सिअ‍ॅडिनोसीनचा काय परिणाम होईल?