प्रेरित पारदर्शकता : एका संज्ञेचे स्थलांतर

एखादी संज्ञा एका ज्ञानक्षेत्रातून दुसऱ्यात जाते, तेव्हा तिच्याबरोबर काय जाते आणि काय मागे राहते, हा तौलनिक अभ्यासाचा मूलभूत प्रश्न आहे. भौतिकशास्त्रातील 'प्रेरित पारदर्शकता' ही संज्ञा या दृष्टीने उद्‌बोधक ठरते.

तिचा उगम अणुभौतिकीतला. विशिष्ट वारंवारतेचा प्रकाश शोषणाऱ्या वायूवर दुसरा, तीव्र लेसर टाकला असता तोच वायू त्या प्रकाशाला पारदर्शक होतो. अणूला उत्तेजित अवस्थेकडे नेणारे दोन मार्ग एकमेकांना निष्प्रभ करतात आणि शोषण थांबते. स्टीफन हॅरिस व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये स्ट्रॉन्शियमच्या बाष्पात हे प्रयोगाने दाखविले.

२००८ मध्ये ही संज्ञा मेटामटेरियलच्या क्षेत्रात आली. मेटामटेरियल म्हणजे तरंगलांबीहून लहान आकृत्यांची कृत्रिम रचना. तिचे गुणधर्म मुख्यतः द्रव्यापेक्षा आकारातून येतात. एक टेराहर्ट्‌झ वारंवारतेची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर असते. त्यामुळे या आकृत्या मायक्रोमीटरच्या मापात घडवाव्या लागतात. प्रत्येक घटकात बहुधा एक धातूची पट्टी आणि तिच्या शेजारी फट असलेली कडी असते. पट्टी येणाऱ्या तरंगाला थेट प्रतिसाद देते व त्याला अडविते. कडीला तो तरंग थेट चाळवीत नाही; तिला ऊर्जा मिळते ती पट्टीकडून. ती ऊर्जा विरुद्ध कलेत परतते, पट्टीचे आंदोलन शमते आणि अडविलेल्या पट्ट्याच्या मध्यभागी पारदर्शकतेची अरुंद खिडकी उघडते.

येथे दुसरा लेसर नाही, अणूच्या पुंज-अवस्थाही नाहीत. पारदर्शकता 'प्रेरित' करते ते सान्निध्य. मग हे नाव केवळ रूपक मानावे काय? तसे म्हणता येत नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी २००२ मध्ये साध्या विद्युत्‌मंडलांच्या साहाय्याने दाखविले होते, की परस्परांशी जोडलेल्या दोन दोलकांतही हेच वर्तन दिसते. म्हणजे स्थलांतरित झाला तो संबंधांचा आराखडा. मागे राहिले ते पुंजभौतिकीचे अधिष्ठान.

हे साम्य तपासूनही पाहता येते. कडी पट्टीपासून दूर नेली की खिडकी अरुंद होत मिटते. २०१२ मधील एका टेराहर्ट्‌झ प्रयोगात कडीच्या फटींत सिलिकॉन बसविले होते. त्यावर प्रकाश टाकताच ते विद्युत्‌वाहक झाले, कडीचे आंदोलन क्षीण झाले आणि खिडकी बंद झाली.

साहित्यातील साम्यांची अशी प्रयोगसिद्ध तपासणी शक्य नाही. तथापि एक दंडक येथून घेता येईल : दोन कृतींतील साम्य सांगताना ते रूपाचे, संबंधांचे की कारणांचे, हे स्पष्ट करावे, आणि कोणता दुवा काढला असता ते साम्य मावळेल, हेही सांगावे.