चुंबकाची थोरवी आणि कॉइलची कामगिरी

एमआरआयचा विषय निघाला की पुण्यातील सुशिक्षित माणूस हल्ली यंत्र किती टेस्लाचे आहे याची प्रथम चौकशी करतो, आणि दीडापेक्षा तीन बरे व तिनापेक्षा सात त्याहून बरे, अशा सरळ हिशेबाने त्याची योग्यता ठरवून मोकळा होतो. हा हिशेब अगदीच निराधार नव्हे. चुंबकीय क्षेत्र वाढले की शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून येणारा संकेत बळावतो. तथापि तो संकेत टिपणारी कॉइल, म्हणजे रोग्याच्या अंगालगत असणारा तांब्याच्या कड्यांचा सरंजाम, पारखून घेतल्यावाचून केवळ चुंबकावर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे, याचा प्रत्यय मज्जारज्जूच्या तपासणीत येतो.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू लांबीने सुमारे 45 सेंटिमीटर आणि जाडीने जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. तो कातडीपासून काही सेंटिमीटर खोल, हाडांच्या नळीत, नाडीच्या ठोक्यासरशी हलणाऱ्या द्रवात असतो, आणि समोरची फुफ्फुसे श्वासागणिक भरत-रिकामी होत असल्यामुळे तेथील चुंबकीय क्षेत्राचा समतोल सतत ढळत राहतो. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांसाठी 1974 पासून खडकीला स्वतंत्र पुनर्वसन केंद्र चालवणाऱ्या या शहराला त्या बोटभर जाडीच्या अवयवाचे मोल निराळे सांगावयास नको.

अणुकेंद्रांच्या संकेताची वारंवारता दर टेस्लामागे 42.58 मेगाहर्ट्झ असते. म्हणजे 3 टेस्लाला सुमारे 128 आणि 7 टेस्लाला सुमारे 298. नारायणगावाजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना उभारून आकाशातील रेडिओ-लहरी टिपणारी जीएमआरटी ही दुर्बीण याच पट्ट्यांत काम करते, आणि प्रत्येक अँटेनाचा संकेत वेगळा घेऊन, त्यांतील कालभेद जुळवून मग त्यांची बेरीज करण्याची तिची रीत कॉइललाही लागू पडते. 1990 साली पीटर रोमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका मोठ्या कड्याऐवजी लहान कड्यांची रांग आणि प्रत्येकास स्वतंत्र ग्राहक अशी रचना मांडली. तिचे मर्म असे की, चांगल्या कॉइलमधील खरखर बहुतांशी रोग्याच्या क्षारयुक्त शरीरातूनच येते. मोठे कडे साऱ्या धडाची खरखर गोळा करते, तर लहान कडे थोड्याच भागाची. मात्र लहान कड्याची पोहोच साधारणतः त्याच्या त्रिज्येइतक्याच खोलीपर्यंत असते. शिवाय शेजारची कडी परस्परांत ढवळाढवळ करतात, सबब ती अशा बेताने एकमेकांवर चढवतात की केंद्रांमधील अंतर व्यासाच्या सुमारे पाऊणपट राहावे व परस्परांचा प्रभाव नाहीसा व्हावा.

7 टेस्लाला आणखी एक अडचण उभी राहते. दीड-तीन टेस्लाच्या यंत्रांत लहरी सोडण्याचे काम बोगद्यात बसवलेली मोठी कॉइल करते. 7 टेस्लाच्या यंत्रात ती सहसा नसते, आणि सोडणे व टिपणे ही दोन्ही कामे अंगालगतच्या सरंजामाकडे येतात. या वारंवारतेला शरीरातील लहरीची लांबी अवघी 12-13 सेंटिमीटर उरत असल्याने लहरी कोठे एकमेकींना बळ देतात, कोठे छेद देतात, आणि प्रतिमेत काळपट पट्टे उमटतात. ऊतींत मुरणारी उष्णताही वाढते, आणि तिला सुरक्षेच्या नियमांची मर्यादा आहे.

म्हणून दोन कॉइलींची तुलना करावयाची, तर चुंबक, मापनाची रीत व क्षारद्रावणाने भरलेला नमुना ही तिन्ही तीच ठेवावी लागतात, आणि मग त्याच माणसावर पडताळा घ्यावा लागतो. कातडीलगतचे आकडे नेहमीच दिपवणारे असतात. पाहावयाचे ते मज्जारज्जूच्या खोलीवर संकेत आणि खरखर यांचे गुणोत्तर काय पडते. हे गुणोत्तर पुनरावृत्तीने दुप्पट करावयाचे तर चौपट वेळ लागतो. तेव्हा ज्या कॉइलचे गुणोत्तर मुळातच दुप्पट आहे, ती वीस मिनिटांचे काम पाचात उरकते, आणि वेदनेने निश्चल पडून राहणे अशक्य झालेल्या रोग्याला हा फरक फार मोठा असतो. याखेरीज मापन वेगाने उरकताना प्रतिमा किती गढूळ होते, लहरी मज्जारज्जूपर्यंत किती जोमाने पोहोचतात आणि उष्णता किती साठते, हेही तपासावे लागते. या सर्व कसोट्यांना सर्वत्र उतरणारी कॉइल नाही. मानेच्या वळणाशी घट्ट बसणारी कॉइल छातीच्या मणक्यांपाशी निरुपयोगी ठरते, आणि ताठरलेली वा वाकलेली मान तिच्यात बसलीच नाही, तर तिचे गुण कागदावरच राहतात.

खरेदीच्या दरपत्रकात टेस्लाचा आकडा शिरोभागी आणि कॉइलींची नोंद सोबतच्या सामानाच्या यादीत, असा प्रकार जेथे असेल तेथे रुग्णालयाच्या खरेदी समितीने मान आणि छाती यांची मज्जारज्जूच्या खोलीवरील मोजमापे विक्रेत्याकडून वेगवेगळी व लेखी मागून घ्यावीत. कारण चुंबक वाढवण्यास कोट्यवधी रुपये पडतात, आणि कॉइल चुकली तर त्या वाढीचा बराचसा लाभ रोग्यापर्यंत पोहोचण्याआधीच खर्ची पडतो.